जिवंत बाईच्या श्रद्धांजलीला मी हजर होतो

मी धनगराचा ढोल आहे. मी वाजलो की माणसं नाचतात, त्यामुळे मलाही संताप येत असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. पण आज माझा प्रचंड संताप झाला आहे, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

वडवणीजवळच्या माळावर धुळाजीने मला घडवलं. लाकूड त्याच्या बापाने कोरून ठेवलेलं होतं. त्याच्या दोन्ही तोंडांना धुळाजीने बकऱ्याचं कातडं चढवलं आणि दोऱ्या ओढून ताण दिला. तो वाजवायचा आणि त्याची बायको साखराबाई गायची. आमच्याकडे पुढे उभं राहून गायचं ते पुरुषांनी. साखराबाई मात्र पुढेच उभी राहायची. कुणी नाक मुरडलं तर धुळाजी मला जरा जोरात वाजवायचा, एवढंच.

एका फाल्गुनात गारपीट झाली. मेंढ्या उघड्या माळावर होत्या. एकवीस गेल्या. साखराबाई त्या प्रत्येकीला नावाने हाक मारायची. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसली आणि आपल्याआपणच गाऊ लागली.

"उठ गं माझ्या काळे, वाडा उजाडला,
काहून गं अशी गार, जीव कुठं गेला?"

काळीनंतर भुरी, भुरीनंतर बांडी. एकवीस नावं झाली तेव्हाच ती थांबली. धुळाजीने मला जवळ ओढून नुसत्या बोटांनी ठेका धरला होता. लेक बबिता माहेरी आली होती. तिने ते फोनवर टिपलं आणि आईचं नाव, गावाचं नाव लिहून इंटरनेटवर टाकलं.

काही महिन्यांनी अमेरिकेतून ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पत्र आलं आणि तिथून ते गावचे पुढारी अमरसिंह यांच्या हाती गेलं. ते आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर आले.

"धुळाजी, परदेशातून बोलावणं आलंय. त्यास्नी धनगरी पथक पायजे. माजा पुतण्या अंगद जातोय पोरं घेऊन. तुजा ढोल तेवढा दे, आवाज लई भारी हाय."

"आन् गाणार कोण?" साखराबाईने विचारलं.

"अंगद गाईल. मावशी, तुमचं वय झालं. इमान झेपायचं न्हाई तुमाला."

"मी कवा म्हणलं झेपत न्हाई म्हणून?"

अमरसिंह हसले. धुळाजीला त्यांचा शब्द मोडवला नाही. त्याने मला दिलं, पण दोरीवरचा हात काही लवकर सुटेना.

अमेरिकेतला तो ब्लूजचा महोत्सव होता. नदीकाठचं भलंमोठं मैदान, हजारो माणसं. आमच्या पथकाला दिलेली दुभाषी मुलगी मराठी होती, म्हणून मला सगळं कळत होतं. ती म्हणाली, ब्लूज म्हणजे दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. आता जपानपासून ब्राझीलपर्यंत त्याचे महोत्सव भरतात. इथे एक दिवस जगभरातल्या राबणाऱ्या माणसांच्या गाण्यांसाठी राखलेला असतो. कापूस म्हटल्यावर मला ती माणसं लगेच आपली वाटली.

संध्याकाळी आम्ही मंचावर गेलो. मागच्या पडद्यावर साखराबाईचा प्रचंड मोठा फोटो होता आणि खाली तिचं नाव! माझं कातडं तटतटलं. पत्र पथकाला नव्हतं, तिला होतं! एवढ्यात एक बाई माइकवर काहीतरी बोलली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. कुणी टोपी काढली, कुणी डोळे पुसले.

"साखराबाई वारल्या असं तुमच्याकडूनच कळवण्यात आलं होतं ना," दुभाषी मुलगी अंगदला हळूच म्हणाली, "म्हणून दोन मिनिटं शांतता पाळतायत."

अंगदने मान खाली घातली. लाजेने नव्हे, दुःख दिसावं म्हणून! साखराबाई त्या वेळी, तिकडच्या सकाळी, माळावर कोकरांना पाणी दाखवत असेल, आणि इथे तिला श्रद्धांजली! ओरडावंसं वाटलं. पण कुणी हात लावल्याशिवाय मला आवाज नाही. त्या दोन मिनिटांत मला माझ्या ढोलपणाचीच चीड आली.

मग अंगदने तेच गाणं म्हटलं. कसं? रुमाल उडवत, उड्या मारत, वरातीच्या चालीवर! एकवीस मेलेल्या मेंढ्यांवर त्याने शिट्ट्या मिळवल्या.

उतरल्यावर रूबेन नावाचा म्हातारा ब्लूज गायक जवळ आला. दुभाषी मुलीकडून गाण्याचा अर्थ ऐकून त्याने माझ्यावर हात ठेवला आणि तिच्याकरवी विचारलं, "यातली काळी म्हणजे कोण?"

"काय न्हाई ओ, लोकगीत हाय. कुणाचं नसतंय ते," अंगद म्हणाला.

म्हाताऱ्याने माझ्यावरचा हात काढला. "माझ्या आजोबांचं गाणंही दुसरेच गायचे, चाळीस वर्षं ते कुणाचंच नव्हतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

परत आल्यावर अंगदचा सत्कार झाला. वडवणीच्या स्टँडवर त्याचा बॅनर लागला. मला अमरसिंहांच्या कार्यालयात भिंतीवर टांगलं.

पंधरा दिवसांनी दुपारी साखराबाई आत आली. मागे फोन घेऊन बबिता, तिच्या मागे धुळाजी. महोत्सवाचा व्हिडिओ, त्यातल्या श्रद्धांजलीसकट, त्यांनी पाहिला होता. कार्यालय माणसांनी भरलं होतं. ती सरळ खुर्चीवर चढली आणि मला खाली काढू लागली.

"मावशी, आवो काय करताव? थांबा!" अमरसिंह उठले.

"मी मेले म्हणून कळवलं न्हवं तुमी?" ती वळलीसुद्धा नाही. "मग आता आडवता कुणाला?"

अमरसिंह उभ्याचे खाली बसले. वाटेत आलेली माणसं आपणहून बाजूला झाली. धुळाजीने मला खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदाच अमरसिंहांना रामराम न करता तो बाहेर पडला.

त्याच संध्याकाळी बबिताने नवा व्हिडिओ काढून महोत्सवाला पाठवला. साखराबाई फोनकडे बघून म्हणाली, "मी साखराबाई. मी जित्ती हाय. हे गाणं माजं हाय." मग ती गायली, एकवीस नावांसकट.

उत्तर अजून आलेलं नाही. अंगदचा बॅनर अजून उतरलेला नाही. मी वाड्यावर आहे, दोऱ्या ताणलेल्या आहेत आणि राग तसाच आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, गाणं आवडलं तर टाळ्या सावकाश वाजवा. आधी विचारा, हे कुणाचं? आणि गाणारा 'कुणाचंच नाही' म्हणाला, तर त्याच्या हातातला ढोल काढून घ्या. ढोलाची त्याला ना नसते.