लोणंद सात

हरणाबाईनं रोवायच्या दगडावरच बसकण मारली.

"ऊठ गं," नाथाजी मुकादम खेकसला. "किलोमीटरचा दगड हाय त्यो, तुजा पाट न्हाई."

"आवं मुकादम, हितंच रोवा की." तिनं पायाजवळची जागा दाखवली. "भुई मऊ हाय. बाभळीखाली नुसता खडक. पहार मोडंल एखादी."

"तुज्या मऊ भुईसाठी किलोमीटर हिकडं यील व्हय? मापाची साखळी बाभळीपाशी सपली. दगड तितंच."

बरोबरची मजूर अंजना फिसकन हसली. "मावशीला बसायला पायजे दुपारचं."

बाभूळ चाळीस पावलं मागं, लोणंदच्या अंगाला. दगड इथं उतरवून घेतला होता तो हरणाबाईनंच, गाडीवानाला गोड बोलून. लोणंद-खंडाळा रस्ता आता मोठा होणार, डांबरी होणार. उद्यापासून कडेनं गुडघाभर चर खणायचा होता, सरळ दोरीत. फक्त दगड असंल तिथं चर वळसा घेणार, हे तिला काल कळलं. तवापासून घास गिळला नव्हता.

दुष्काळात ह्याच रस्त्यावर ती खडी फोडायला होती. नऊ दिवसांचं पोर पाटीत निजवलेलं. दुपारी पाजायला उचललं तर गार. बारसंसुद्धा व्हायचं होतं. तिनं एकटीनं कडंला खड्डा घेतला, वर तीन धोंडे ठेवले. मुकादम तवाही नाथाजीच. "आवर लवकर," एवढंच म्हणाला होता. पुढं धोंडेही कुणीतरी खडीत फोडले. जागा राहिली ती तिच्या एकटीच्या ध्यानात.

"मुकादम..." तिनं पदर दातात धरला.

नाथाजी पलटणीतनं आलेला गडी. त्याचा हुकूम कधी फिरायचा नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं. एवढी जागा मोकळी, तरी पाय अंगाशी चोरून घेतलेले. त्यानं बिडी फेकली.

"धुळा! साखळी परत धर. मघाशी झोळ पडला व्हता."

"चाळीस पावलांचा झोळ? आवं, ताठ व्हती की!"

"मला शिकवतूस व्हय रं? धर म्हनतो न्हवं!"

ह्या खेपेला नाथाजीनं स्वतः मोजलं. साखळी बाभूळ ओलांडून हरणाबाईपाशी येऊन संपली. कुणी हसलं नाही. धुळानं पहार उचलली.

"तितं पहार नगं." नाथाजी खंडाळ्याच्या दिशेला बघत होता. "दीड हात पल्याड घे."

हरणाबाईनं झटकन मान वर केली. तिनं जागा कुणालाच सांगितली नव्हती.

नाथाजी पाठ फिरवून चालू लागला.

तिसऱ्या दिवशी दगडाला पांढरा रंग लागला, वर काळी अक्षरं.

"काय ल्हिलंय रं?" तिनं धुळाला विचारलं.

"लोणंद सात."

तेवढ्यात एस्टी आली. मुरमाच्या ढिगापाशी जरा हळू झाली. खिडकीतनं एका पोरीनं मान बाहेर काढली आणि नव्यानं वाचायला शिकलेलं पोर वाचतं तसं मोठ्यांदा वाचलं, "लो-णं-द सात!"

हरणाबाईनं डोईवरची पाटी खाली ठेवली. एस्टी वळणाआड जाईस्तोवर तेच दोन शब्द घोळवत तिचे ओठ हलत होते.