डास घसरेल असा गाल

गुणाजीने दारात उभं राहून तोंडावरचा टॉवेल काढला आणि मी हातातली कोलंबी ताटात टाकली. समोर सरूबाई बसली होती पाटी उतरवून. ती माहुलहून येते आमच्या वाकोल्याला, आणि चाळीत तिची पाटी पहिली माझ्याच दारात उतरते. तिने गुणाजीकडे नीट बघून घेतलं.

"कोलंबी राहू दे बाय," ती मला म्हणाली. "तुझा भाचा आधीच सोलून आलाय."

खोटं नव्हतं. दोन्ही गाल लालभडक, हनुवटीवर फोड, नाकाची सालं निघालेली. गुणाजी माझ्या भावाचा मुलगा, आमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहतो.

"आत्ये, वाट लागली," तो म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

त्याचं कसं आहे, सांगते. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा हा माणूस रडला नाही. साकीनाक्याला खोके उचलायला लागला, गप उचलत राहिला. कारण त्याच्याकडे राणी होती. आमच्या गाववाल्यांचं दशावतारी मंडळ आहे, त्यात राणीचा पार्ट बारा वर्षं गुणाजीचा. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, पण नऊवारी नेसून पडद्याबाहेर आला की पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर सारखे करतात. दिवसभर खोके उचलायचे ते त्या संध्याकाळसाठी. ती गेली तर मग नुसते खोकेच उरले.

"भिकाजी मास्तर काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, फोडावर रंग बसत नाही. पुढच्या शनिवारी तोंड बघणार. साफ नसेल तर रविवारी हनुमान जयंतीला राणी धाकू करणार."

धाकू म्हणजे मंडळातला राक्षस. त्याला तीन वर्षांपासून राणी व्हायचं होतं.

"रंग कशाने काढतोस रे तोंडावरचा?"

"रॉकेलने."

मी कपाळाला हात लावला. रेशनच्या रांगेत उभी राहून मी रॉकेल आणते ते स्टोव्हसाठी, आणि हा ते गालाला चोळतो.

"आणि मग?"

"मग कपड्याच्या साबणाने धुतो, खसाखसा. त्याच्यावर लिंबू, डाग जायला. फोडावर टूथपेस्ट. आणि स्टेशनबाहेर एक जण क्रीम विकतो ना, फॉरेनचं. ते."

"मसाला राहिला," सरूबाई म्हणाली. "तो लाव, की टाकते तव्यावर."

मी त्याला सरळ सांगितलं. लिंबू बांगड्याला लावतात, माणसाला नाही. ते क्रीम आधी गटारात टाक. रंग काढायचा तो खोबरेल तेलाने, जुन्या मऊ फडक्याने, हलक्या हाताने. तोंड धुवायचं ते मसूर डाळीच्या बारीक पिठाने, तेही घासायचं नाही. पाणी पी, झोप घे. बाकी काही करू नको, कातडं आपलं आपण दुरुस्त होतं.

डॉक्टरने सुई न देता घरी पाठवलं की माणूस कसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघायला लागला.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने टॉवेल पुन्हा तोंडावर घेतला आणि उठला. मला कळलं, हा आता स्टेशनला जाणार आणि दुसरी डबी घेऊन येणार. मग माझा नाइलाज झाला.

"थांब," मी म्हटलं. "हे झालं वरवरचं. खरं औषध आपल्या घराण्यात आहे, पण ते मी कोणाला दिलेलं नाही. नलिनीला पण नाही."

नलिनी माझी सून. ती आत भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.

गुणाजी पुन्हा बसला.

"माझ्या आजीची आजी," मी सुरू केलं, "तिचा गाल असा होता की त्याच्यावर डास बसला की घसरायचा. रोज सकाळी तिच्या बाजल्याखालून पाय मोडलेले डास सुपाने भरून टाकावे लागायचे. अंधारात तिच्या खोलीत दिवा लावायचे नाहीत, तिच्याच तोंडाच्या उजेडात तांदूळ निवडायचे. एकदा ती विहिरीवर गेली, तिथे वाघ. वाघाने तिच्या गालात बघितलं, तर आत दुसरा वाघ. असा पळाला, गोव्यापर्यंत थांबला नाही."

"खरं?" गुणाजी म्हणाला.

मी सरूबाईकडे बघितलं. तिने तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं.

"बघितलाय ना मी तो वाघ," ती म्हणाली. "पोहत पोहत माहुलला आलेला. अजून घाबरलेलाच होता."

यावर गुणाजीचा विश्वास बसला. कोळणीला खोटं बोलून काय मिळणार.

मग मी त्याला व्रत सांगितलं, आठ दिवसांचं. तेल, फडकं, मसुराचं पीठ, हे आलंच. वर रोज सात छोटे तांबे पाणी, दर तांब्याला वेगळ्या दिशेला तोंड करून. रात्री दहाला आडवं व्हायचं, नाहीतर आधीच्या दिवसाचं पुण्य फुकट. दाढी आंघोळीनंतरच, नव्या पात्याने, केस जातात त्या बाजूने. उन्हात डोक्यावर पांढरं फडकं. आणि दिवसभर तोंडाला बोट लावायचं नाही.

"बोट लावलं तर काय होतं?"

"जिथे लावशील तिथे मिशी उगवते."

राणीच्या पार्टवाल्याला याच्याहून मोठी भीती नाही. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"आत्ये, चार दिशा झाल्या, वर आकाश, खाली जमीन. सहाच होतात. सातवी कुठची?"

हे मी धरलंच नव्हतं. समोर सरूबाई दिसली.

"माहुलची," मी म्हटलं.

त्या आठवड्यात चाळीला दुसरी करमणूक लागली नाही. सकाळी नळावर गुणाजी तांब्या घेऊन उभा. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. आकाशाकडे बघून प्यायला त्याला जमलं. जमिनीकडे बघून पिताना ठसका लागला, शेजारची शेवंती पाठ थोपटायला धावली. ही शेवंती, तिने आयुष्यात कोणाला फुकट पाणी दिलं नाही, पण आता ती रोज त्याचा तांब्या भरून द्यायची आणि विचारायची, "आता कुठची दिशा, भाऊ?"

हाताचं तर विचारू नका. रस्त्याने चालायचा तो हात पाठीमागे बांधून, इन्स्पेक्टरसारखा. नाकावर माशी बसली तर माझ्या दारात येऊन उभा.

"आत्ये, फुंक."

मी फुंकायची. सरूबाई असली की तीही फुंकायची, आणि तिच्या फुंकरीने माशी जायची पण गुणाजी दिवसभर सुरमईसारखा वास मारायचा.

रात्री दहाला त्याच्या खोलीत काळोख. त्याची बायको प्रेमा मला म्हणाली, "आत्याबाई, लग्नाला अकरा वर्षं झाली, हा माणूस घोरतो ते मला आता कळलं. आधी मी झोपल्यावर यायचा."

मंगळवारी सालं गेली. बुधवारी लाली उतरली. गुरुवारी हनुवटीवरचे फोड बसले, नुसते बारीक ठिपके उरले. मी मनात म्हटलं, जमलं. आणि तिथेच माझं चुकलं.

शुक्रवारी तो आला तेव्हा मी पापड वाळत घालत होते.

"आत्ये, गाल मऊ झाला. पण उजेड पडत नाही. काल रात्री प्रेमाला सांगितलं माझ्या तोंडाच्या उजेडात तांदूळ निवड, तर तिने ताट डोक्यात घातलं."

"पडेल हो उजेड," मी म्हटलं. माझं लक्ष कावळ्यावर. "घाई कसली."

शनिवारी सकाळी आतून नलिनीचा आवाज आला. "आई, हळदीचा डबा कुठे गेला?"

तेवढ्यात दारात गुणाजी. सोन्यासारखा नव्हे, झेंडूसारखा. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळाधमक. आमचा हळदीचा अख्खा डबा त्याने खोबरेल तेलात कालवून तोंडाला थापला होता आणि वर रुमाल बांधून झोपला होता.

"तीन वेळा धुतलं," तो म्हणाला. "हे जात नाही आत्ये."

"भावोजी," नलिनी म्हणाली, "ती कोल्हापुरी हळद होती. ती आमच्या पातेल्याची जात नाही."

आम्ही तेल लावलं, पीठ लावलं, दह्याचं पाणी लावलं. झेंडूचा रंग शेवंतीच्या फुलापर्यंत आला, त्याच्यापुढे उतरेना. अकरा वाजले. मास्तर वाट बघत असणार. मी लुगडं सारखं केलं आणि त्याच्याबरोबर निघाले, कारण वाघ माझा होता.

चाळीपासून मंडळाच्या खोलीपर्यंत पाच मिनिटं लागतात. आम्हाला अर्धा तास लागला. उसाच्या रसवाल्याने न मागता ग्लास पुढे केला. एका बाईने मानखुर्दच्या कोणाचा पत्ता दिला, विड्याच्या पानातून औषध देतो म्हणून. एक म्हातारा नुसता मान हलवून म्हणाला, "तेलकट बंद कर पोरा."

मंडळाच्या खोलीत भिकाजी मास्तर बाजाची पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. गुणाजी आत गेला तसा तो पेटीसकट मागे सरकला.

"कावीळ," तो म्हणाला. "गुणाजी, तू घराक जा. ह्या असल्या आजारात मी तुका उभो करूचंय नाय."

आणि कोपऱ्यात धाकू. त्याच्या खांद्यावर राणीची हिरवी साडी आधीच टाकलेली. मिऱ्या घालायच्याच बाकी.

राणीच्या बांगड्या गुणाजी रुमालात गुंडाळून स्वतःजवळ ठेवायचा, बारा वर्षं. त्याने तो रुमाल खिशातून काढला, गाठ सोडली आणि बांगड्या पेटीवर ठेवल्या. एक एक ठेवली, आवाज न करता.

मी आयुष्यभर थापा मारत आले. पण माझ्या थापेने कोणाच्या ताटातला घास कधी गेला नव्हता.

"मास्तर," मी म्हटलं, "डोळे बघ त्याचे."

"कशाला?"

"बघ तर. कावीळ डोळ्यांत दिसते."

मास्तरने चष्मा वर केला, हात लांब करून गुणाजीची पापणी खाली ओढली. डोळा पांढराशुभ्र, नारळाच्या खोबऱ्यासारखा. आठ रात्री दहाला झोपलेल्या माणसाचे डोळे.

"आता अंगठा घास गालावर."

त्याने घासला. अंगठा पिवळा झाला. मास्तरने अंगठा नाकाशी नेला आणि म्हणाला, "ही तर हळद." मग पुन्हा गालावर अंगठा फिरवला, पण या वेळी सावकाश. हनुवटीवर, नाकाच्या बाजूने, कपाळावर. मास्तर चाळीस वर्षं लोकांची तोंडं रंगवतोय, त्याला बोटाने कळतं.

"फोड खंय गेले?" तो म्हणाला.

"बसले."

"पिवळो आसा तर आसूंदे. पिवळ्यार रंग बसता, फोडार नाय बसणा." त्याने बांगड्या उचलल्या आणि गुणाजीच्या हातात दिल्या. धाकूने साडी खांद्यावरून काढली, पण घडी घातली नीट, तेवढं मी म्हणेन.

मग मास्तर माझ्याकडे वळला. "रुक्मिणी, काय लावलंस ह्याका?"

मी ठरवलं, आज खरं बोलायचं.

"काही नाही. रॉकेल बंद केलं, खोबरेल तेल दिलं, मसुराचं पीठ, पाणी आणि झोप. तोंडाला हात लावू दिला नाही. बाकी सगळ्या थापा."

मास्तर हसला. "गो बाय, पंचवीस वर्षां वळाखतंय तुका. खरा सांग."

"खरंच सांगते. देवाशपथ."

"तुझी देवाशपथ मी धा वेळा आयकलंय."

धाकू जवळ सरकला. "मावशी, मग वाघ?"

"वाघ खोटा."

"आणि डास?"

"डासही."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग गुणाजी, ज्याच्यासाठी मी हे सगळं कबूल केलं तो गुणाजी, मास्तरच्या कानाशी लागला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा कुजबुजला, "आत्या लपवतेय मास्तर. घराण्याबाहेर सांगायचं नाही म्हणून आजीने बजावलंय."

"तरीच," मास्तर म्हणाला.

रविवारी संध्याकाळी चाळीमागच्या मैदानात राणी आली. पिवळ्यावर रंग असा बसला की प्रेमासुद्धा म्हणाली, ही कोण बया. पुढच्या रांगेत शेवंतीने पदर सारखा केला, मग नलिनीने, मग माझाही हात गेला. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे डोकावले. खोबरेल तेलाची बाटली हातोहात फिरत होती. गुणाजी जुन्या फडक्याने गाल टिपत होता, हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. त्याच्या बाजूला राक्षस, म्हणजे धाकू, हाताची ओंजळ पुढे करून तेलाची वाट बघत बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई पाटी उतरवत होती आणि मी बोंबील मोजून घेत होते. ती एकदम थांबली.

"बाय, तो तुमचा मास्तर बघ."

मी वळून बघितलं. नळावर भिकाजी मास्तर, हातात तांब्या. पूर्वेला तोंड करून प्यायला, मग पश्चिमेला. जमिनीकडे बघून पिताना त्याला ठसका लागला, शेवंती धावली. मग त्याने तांब्या पुन्हा भरून घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"माझ्याकडे बघून काय पितोय मेला?" सरूबाई म्हणाली.

"तुझ्याकडे नाही," मी म्हटलं. "माहुलकडे."

तिने पदर डोक्यावर ओढला आणि एक हात कमरेवर ठेवून, त्याचा सातवा तांब्या संपेपर्यंत ती अगदी हललीसुद्धा नाही.