परक्या पोटाचा पतंग

मी एक जुना पतंग आहे. मित्रांनो, मांजा लावून उडवता तो नव्हे. दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. साठ वर्षे मी अमेरिकेत डाकोटातल्या एका संग्रहालयात टाचणीने टोचलेला आहे.

सुरवंट होतो तेव्हा हल्डा त्वेइत नावाच्या मुलीने मला मुरंब्याच्या बरणीत पाळले. तिची थोरली बहीण सिग्ने शाळेत शिकवायची. "शी! माझ्या बरणीत किडे?" सिग्ने करवादायची. "तुझा मुरंबा तरी कोण खातंय, ताई?" हल्डा म्हणायची. मी कोशातून बाहेर आलो त्याच आठवड्यात हल्डा तापाने गेली. एकोणीस वर्षांची होती.

सिग्नेने मला संग्रहालयाला दिले. तिथल्या साहेबांनी माझ्या पोटाचे टोक भिंगाखाली पाहिले. आमची जात त्यावरूनच ठरते, पंख फसवतात. माझ्यासारखा कुणी आधी नोंदलेला नव्हता. साहेबांनी माझ्या जातीला नाव दिले 'हल्डाए', म्हणजे हल्डाची. पहिला नमुना म्हणून मला लाल चिठ्ठी लागली. पोटाचे चित्र काढायचे मात्र राहूनच गेले. पुढे आमचे माळरान नांगराखाली गेले आणि माझ्या जातीचा दुसरा कुणी सापडला नाही.

सिग्ने दर उन्हाळ्यात यायची. "तिच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस कुजला. इथे तरी नाव राहील," म्हणायची. मग गुडघे धरले आणि तिचे येणे थांबले.

त्यानंतर पेटीत कीड शिरली आणि माझे पोट खाऊन गेली. ऑर्विल नावाचा मदतनीस होता, नीटनेटका, मायाळू. "पाहुणे यायचेत आणि हा असा अर्धा? लोक हसतील," असे म्हणत त्याने एका मोडक्या पतंगाचे पोट मला डिंकाने चिकटवले. असे काही जोडले की तशी चिठ्ठी लावायची असते. "उद्या लावतो," म्हणाला. सांधा इतका बेमालूम होता की त्याला शाबासकी मिळाली. चिठ्ठी राहिली. ऑर्विलही नोकरी सोडून गेला.

काही वर्षांनी डॉक्टर प्रूइट आले. त्यांनी ते पोट भिंगाखाली धरले. "अरेच्चा, हा तर कोबीवरचा नेहमीचाच!" त्यांनी सिग्नेला पत्र लिहिले. पंचाहत्तरी उलटलेली सिग्ने काठी टेकत आली.

"वाईट वाटतं, बाई. पण हे नाव खोडावं लागणार."

ती माझ्यावर वाकली. "हे पोट ह्याचं नाही. हल्डाच्या पतंगाचं पोट पिवळं होतं."

"रंग उडतात हो, इतक्या वर्षांत."

"आणि म्हाताऱ्यांचे डोळेही जातात, असंच ना?"

"कॉफी घेता का थोडी?"

"कॉफी नको. तिला ओळखणारी मी एकटी उरलेय, डॉक्टर. माझ्यानंतर कोण?"

प्रूइट वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि नाव खोडले. सिग्नेने लाल चिठ्ठी मागितली. पण ती देणे नियमात बसत नव्हते. सिग्ने खरे बोलत होती हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होते. माझा जीव तुटत होता, पण मला बोलता येत नाही.

आता मी कोबीवरच्या दोनशे पतंगांत पडून आहे. मित्रांनो, मोडलेले काही जोडाल तर काय जोडले ते त्याच दिवशी लिहा. तेवढे जमत नसेल तर मोडकेच राहू द्या. मला पोट नसते, तर हल्डाचे नाव आज असते.