लांबचं घर

सोळा वर्षं रुग्णवाहिका चालवल्यावर माणसाला शहर अंतरात दिसत नाही, मिनिटांत दिसतं. त्याचंही तसंच झालं होतं. कुणी पत्ता सांगितला की तो मनात म्हणायचा, नऊ मिनिटं. शाळा सुटायच्या वेळेला चौदा. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी जिन्याचं वळण बघायचा, स्ट्रेचर फिरेल की नाही म्हणून. बायको म्हणायची, "अहो, आपण जेवायला आलोय, कुणाला उचलायला नाही."

बायको शिवणकाम करायची. उसवलेलं, सैल झालेलं, तोकडं पडलेलं असं अर्ध्या वस्तीचं कापड तिच्या मशीनखालून जायचं. त्यांना एकच मुलगी, नऊ वर्षांची. तिला दमा होता. तो वाढला की तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू यायची. ती घाबरू नये म्हणून बापानं लहानपणीच तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली. "काय, आज पिपाणी वाजतेय का?" असं त्यानं विचारलं की श्वास लागलेला असतानाही ती हसायची. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांची अकरा वर्षं गेली. मग घरमालकाला त्या खोल्या लेकीसाठी हव्या झाल्या आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत जागा सोडायची ठरली. आता घ्यायचं ते स्वतःचंच घर, यावर दोघांचं एकमत होतं. पुढे मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

त्याला हवं होतं ते घर मोठ्या इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, खाली चौक. गाडीनं चार मिनिटं, मुलीला पाठीवर घेऊन पळत गेलं तर आठ. बघायला गेले तेव्हा बायकोनं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. जागेचा मालक ओशाळून म्हणाला, "काल संध्याकाळीच पुसलंय हो. खाली सिग्नल आहे ना." तिनं रुमालाला बोट पुसलं, घरी आल्यावर तो रुमाल उलगडून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि भांडी घासायला गेली.

तिला हवं होतं ते घर शहराबाहेरच्या एका वसाहतीत होतं. बैठं, मागे अंगण, अंगणापलीकडे माळ. ती एकदा मुलीला घेऊन बसनं बघून आली होती आणि आल्या आल्या उंबऱ्यातच सांगायला लागली, "तासभर पळत होती ती. तासभर. पिशवीतून दम्याचा पंप काढावा लागला नाही मला."

"झटका आला तर?" त्यानं विचारलं.

"इथे तर येतोच आहे. गेल्या थंडीत चारदा आला."

"इस्पितळामागच्या घरातून चार मिनिटांत पोचू आपण."

"तुम्ही मिनिटं मोजता. मी तिच्या उशाशी बसून श्वास मोजते." एवढं बोलून ती थांबली. "एकदा बघून तर घ्या. न बघताच नाही म्हणू नका."

म्हणून पुढच्या रविवारी तिघंही निघाली. बसला तास लागला. वसाहत आली तशी त्यानं खिडकीबाहेर बघायचं थांबवलं. उतरल्यावर बायको पुढे, मुलगी तिच्याही पुढे. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं आहे हे बायकोनं सांगायच्या आधीच त्याचे पाय वळले. डावीकडे तिसरं घर, दोन पायऱ्या, दाराला वर काच. त्याला ते घर माहीत होतं. अडीच वर्षांपूर्वी तो तिथे येऊन गेला होता.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला होता. छातीत दुखतंय, वय एकोणसत्तर. गाडी पोचली तेव्हा तो माणूस आतल्या खोलीत पलंगावर आडवा होता आणि त्याच्यात काही उरलं नव्हतं. तरी त्यानं आणि जोडीदार नर्सनं त्या माणसाला उचललं, सगळ्या रस्त्यानं नर्स छाती दाबत राहिली. उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांनी थोरल्या मुलानं तक्रार केली की गाडी एकतीस मिनिटांनी आली. चौकशी लागली. दोन महिने त्याला चाकावरून उतरवून कचेरीत फोनवर बसवलं. शेवटी कागद आला, चालकाचा दोष नाही. बायकोला चौकशीचं माहीत होतं, घराचं नव्हतं. आणि कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट होती.

दार उघडलं ते त्याच बाईंनी, त्या गेलेल्या माणसाच्या पत्नीनं. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. केस आता पूर्ण पांढरे. त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि सगळ्यांना आत घेतलं. चहा झाला. मुलगी मागच्या दारानं अंगणात पसार झाली. बाई बायकोला एकेक दाखवत होत्या: पाणी कधी येतं, कुठली खिडकी पावसात अडकते, छत कुठे गळायचं आणि कधी दुरुस्त केलं. लपवाछपवी नव्हती. आतल्या खोलीपाशी आल्यावर दोघी आत गेल्या. तो दारातच उभा राहिला.

"या ना आत," बायको म्हणाली.

"त्यांनी बघितलीय ही खोली," बाई म्हणाल्या. आवाज साधाच होता. "तुम्ही त्या दिवशी आला होतात. मला चेहरा आठवत नव्हता, पण तुम्ही कप खाली ठेवायला वाकलात आणि ओळखलं. मी अनवाणी गाडीत चढत होते. तुम्ही मागे धावत जाऊन माझ्या चपला आणल्यात आणि वाकून पायांशी ठेवल्यात. त्या गडबडीत."

बायकोनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पलंगाकडे. तिला समजायला वेळ लागला नाही.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे घर घ्या, नका घेऊ. पण तुम्ही आलाच आहात तर मला एक सांगू द्या. अडीच वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

तिघंही बाहेरच्या खोलीत येऊन बसली.

"ह्यांना सकाळी नऊला दुखायला लागलं होतं. घाम सुटला होता. मी म्हटलं, फोन करते. हे म्हणाले, वात आहे, उगाच गावभर डांगोरा नको. मी ऐकलं. आयुष्यभर वर्गात पोरांना सांगत आले की उत्तराची शंका आली तर पुन्हा तपासा, आणि घरात मात्र नवऱ्याचं ऐकून गप्प बसले. दोन तास. मुलं आली तेव्हा रडता रडता म्हणाली, गाडीला किती उशीर झाला गं आई. मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. पुढे थोरल्यानं तक्रार केली, तेव्हाही नाही. तुमच्यावर बालंट आलं, ते माझ्यामुळे."

अंगणातून मुलीचा आवाज येत होता. ती स्वतःशीच काहीतरी मोठ्यानं मोजत पळत होती.

मग तो म्हणाला, "बालंट अगदीच खोटं नव्हतं, बाई." त्यानं टाकीच्या दिशेनं बोट केलं. "टाकीपाशी मी वळलोच नाही. सरळ गेलो. रस्ता मला नवा होता, पाटी नव्हती. पुढे जाऊन गाडी फिरवून परत आलो. एकतीस मिनिटांतली तीन माझी. चौकशीत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नर्स मागे होती, तिलाही कळलं नाही."

बाईंनी मान खाली घातली. "तीन," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ती एवढे दिवस उरावर घेऊन हिंडताय." डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "बावीस वर्षं राहिलो इथे. फार चांगली गेली. विकतेय ते त्या दिवसामुळे नाही. गुडघे चालत नाहीत, बहीण शहरात एकटी आहे, म्हणून. एवढं मात्र लक्षात ठेवा, या घरानं त्यांना मारलं नाही."

परतीच्या बसमध्ये मुलगी आईच्या मांडीवर झोपली. बोलणं झालं दुसऱ्या दिवशी दुपारी. तो पाळी संपवून आला तेव्हा ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार होतो?"

"जे त्या परक्या बाईला सांगितलं तेच." तिनं कात्री खाली ठेवली. "रात्री तुम्ही उठून बसायचात, मला वाटायचं नोकरीची काळजी. आता ऐका. तुम्हाला खरंच वाटत असेल की पोरीसाठी इस्पितळाजवळ राहिलं पाहिजे, तर मी उद्या त्या काळ्या खिडकीच्या घरात संसार मांडते. कुरकुर करणार नाही. पण त्या तीन मिनिटांच्या धाकानं घर ठरवणार असाल, तर नाही."

दोन दिवसांनी तो मुलीच्या डॉक्टरांना भेटला. त्या दमलेल्या होत्या, टेबलावर पोळी गुंडाळलेली तशीच पडली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोकळ्या हवेत झटके कमी येतील, असं मला वाटतं. खात्री देत नाही. आलाच, तर तुम्ही लांब असाल. दोन्ही खरं आहे. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मलाही माहीत नाही."

"मग ठरवायचं कसं?"

"घाबरायला कधी लागायचं ते आधी ठरवा," डॉक्टर म्हणाल्या. "घर मग ठरवा."

त्यावर नवरा-बायको दोन संध्याकाळी बसली. शीळ ऐकू आल्यावर किती वेळ पंपावर थांबायचं, कितव्या मिनिटाला निघायचं, शेजारी गाडी कुणाकडे आहे, तो माणूस घरी नसेल तर दुसरा कोण, हे सगळं एका कागदावर उतरलं. कुणाच्याही 'थांब जरा'ला भीक घालायची नाही, हे बायकोनं खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग त्यांनी लांबचं घर घेतलं.

बाईंनी जाण्याआधी मुलांना खरं सांगितलं आणि कचेरीलाही पत्र धाडलं. थोरला मुलगा चार महिने आईशी बोलला नाही. पाचव्या महिन्यात एका रविवारी तो या घराच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. म्हणाला, "मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं होतं." घरधन्यानं त्याला आत घेतलं आणि तीन मिनिटांचंही सांगून टाकलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "पाटी नव्हती, हे खरंय. बाबांनीच दोनदा अर्ज केला होता पाटीसाठी." वडिलांच्या खोलीत आता पिपाणीची खाट आणि दप्तर होतं. तो आत गेला नाही, दारातूनच बघितलं, आणि जाताना घरधन्याच्या हातावर नुसता हात ठेवून गेला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बाप पहाटे निघायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची, परत यायचा तेव्हा पेंगुळलेली. तिच्या शाळेतल्या गोष्टी त्याला बायकोच्या तोंडून शिळ्या होऊन कळायच्या. बायकोची जुनी गिऱ्हाइकं सुटली, नवी यायला वर्ष गेलं. पहिल्या थंडीत एकही झटका आला नाही. दुसऱ्या थंडीत आला, एका दुपारी, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडीवर असताना. बायकोनं कागदावर होतं तसं केलं. शेजाऱ्याची मोटार काढायला लावली आणि मुलीला पुढे मांडीवर घेऊन बसली. तो इस्पितळात पोचला तेव्हा मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, ओठ अजून निळसर होते, आणि बायको तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. त्यानं किती वेळ लागला ते विचारलं नाही. ती म्हणाली, "कागदावरचं मिनिट भरल्याबरोबर निघाले."

दोन दिवसांनी मुलीला घरी सोडलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली, दोघांच्या पुढच्या बाकावर, आणि रस्त्यातल्या पाट्या वाचत राहिली.

"पश्चात्ताप होतो?" बायकोनं हळूच विचारलं.

"परवा झाला," तो म्हणाला. "तिच्या तोंडावर तो मास्क बघून. आणि रोज पहाटे थोडा होतो, कडी लावताना."

"मलाही परवा झाला."

"मग?"

"मग काय. इस्पितळामागे राहिलो असतो तर तिथला झाला असता." तिनं त्याच्या शर्टाचं सुटायला आलेलं बटण बोटांनी चाचपलं. "उद्या द्या हा माझ्याकडे."

पुढच्या थांब्यावर बरीच माणसं चढली. मुलीनं आपली कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि एका म्हाताऱ्याला शेजारी बसायला जागा करून दिली.