योगिनीची बशी आणि पाटीतला बर्फ

मी एक जुनी काचेची बशी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मी चहाची बशी नव्हे. २००५ साली कणकवलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत योगिनीने माझ्या तळावर पॉलिमरचा पातळ थर चढवला आणि मी जरा नखरेल झाले. अंगाइतकी ऊब असली की पेशी माझ्यावर घट्ट बसायच्या. गारवा लागला की तो थर पाणी पिऊन फुगायचा आणि पेशी सुटायच्या. पण सगळ्या एकदम नव्हे. थोड्या गारव्याला एका जातीच्या, जास्त गारव्याला दुसऱ्या जातीच्या. योगिनी मला हळूहळू गार करून त्यांना वेगळं करी. भाजलेल्या माणसांसाठी नवी कातडी वाढवायची, तर पेशी अशा निवडून घ्याव्या लागतात. "शहाणी गो माजी," म्हणून ती मला पुसून ठेवायची. मला तेव्हा फार बरं वाटे.

पुढच्या वर्षी, कामाला पैसे देणाऱ्या संस्थेचे मुंबईचे सर काम पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर पेशी वेगळ्या झाल्या तर काम चालू, नाहीतर बंद. कातडीचा शेवटचा नमुना माझ्यावर वाढत होता आणि नेमकी ते येणार त्याच सकाळी वीज गेली. माझी ऊब जाऊ नये म्हणून, मला ठेवलं होतं त्या पेटीत योगिनीने गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या. जनरेटरला डिझेल हवं होतं. तिची आई चंद्रावती मालवणहून मासे विकायला आली होती, ती पाटी घेऊन लेकीला भेटायला आली.

"आये, मी येयसर हय बस. पेटीतला खराब होवक देव नको," एवढंच सांगून योगिनी डिझेल आणायला धावली.

चंद्रावतीने पेटीत हात घातला. आत गरम. चाळीस वर्षं मासे विकलेली बाई ती, गरम म्हणजे नासणार हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने मला उचललं आणि पाटीतल्या बर्फात खोल पुरलं. माझ्या पेशी सगळ्या एकदम सुटल्या, एकमेकींत मिसळल्या. झाकणातून मासळीचं पाणी आत आलं. मला ओरडता येत नव्हतं.

"हाताक गरम लागला, तसा बर्फात घातलंय. आता काय होवचा नाय," योगिनी परतल्यावर चंद्रावती म्हणाली.

योगिनीने झाकण उचलून पाहिलं. मग ते हळूच परत लावलं.

"बरा केलंस, आये," ती म्हणाली.

दुपारी सर आले आणि काम बंद झालं. योगिनी मला घरी घेऊन आली. ती आता शिकवण्या घेते.

मित्रांनो, जिवापाड जपलेलं काही कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा ते जपायचं कसं, हेही सांगा. नुसती माया पुरत नाही. हे सांगताना मला रडू येतं.

आज २०१० साल. मी फळीवर असते. पाहुणे आले की चंद्रावती मला खाली काढते. "ह्या माज्या चेडवाचा, योगिनीचा काम. लाईट गेल्ली, तेवा मी बर्फात घालून वाचवलंय." योगिनी चहा ओतता ओतता मान डोलावते.