कुंडीमावशींची हरकत

ही गल्ली हिरवी कशी झाली, हे गल्लीत कोणालाही विचारा. तो सांगेल, कुंडीमावशींच्या मायेनं. बेकरीवाली तर पाव बांधून देता देता गिऱ्हाइकाला सुनावते, की बाईनं नवरा गेल्याचं दुःख झाडांत जिरवलं. मावशी हे ऐकून घेत आणि पुढच्या कुंडीत माती भरत. माया म्हणे! नुसती माया असती तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या थकून घरी बसल्या असत्या. बारा वर्षं रोज सकाळी पाण्याच्या बादल्या उचलायला माया पुरत नाही. त्याला चांगला सणसणीत राग लागतो, आणि तो मावशींकडे पोत्यानं होता.

राग होता सख्ख्या दिरावर.

गल्लीच्या तोंडाशी पहिला गाळा, सासऱ्यांच्या वेळचा. सकाळचं ऊन थेट टेबलापर्यंत येई. त्या उजेडात मावशींचे यजमान डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत, आणि उरलेल्या अर्ध्या गाळ्यात धाकटा भाऊ चष्मे विकत असे. गल्लीला तेव्हा उतरती कळा लागली होती. मागचा कारखाना बंद पडला, त्याच्यामागोमाग दुकानांची शटरं खाली आली, आणि गाळ्यासमोरची पडकी इमारत पाडल्यावर त्या मोकळ्या जागेत सगळ्या वस्तीचा कचरा पडू लागला. एके दिवशी महापालिकेचा गाडीएवढा लोखंडी कचराडबा आला आणि नेमका घड्याळजींच्या अर्ध्या दारासमोर बसला. माशा, वास, धूळ. घड्याळाच्या पोटात धूळ गेली की संपलं. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून येई, नंतर तेही येईना. वर्षभरानं घड्याळजींनी कंटाळून आपला हिस्सा भावाच्या नावावर करून दिला, तोही पडत्या भावात.

त्यानंतर पंधरा दिवसांत डबा हलला.

मावशी महापालिकेत चौकशीला गेल्या तेव्हा तिथल्या कारकुनानं सहज सांगून टाकलं, "अहो, तुमच्या दिरांचाच अर्ज होता. ठेवायचाही आणि हलवायचाही." मावशींनी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलायचं?" पुढे दोन वर्षं तो खिडकीशी बसून राहिला आणि एका दुपारी बसल्या जागीच गेला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

तेरावा उलटला नाही तोच मावशी त्या कचऱ्याच्या जागेवर गेल्या. घरातले गंजके डबे, त्यात माती, त्यात शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या फांद्या, आणि बसायला एक पाट. झाडांची त्यांना आवड होती असं नाही. पण त्या जागेवरून दिराचं दार समोर दिसे. रोज सकाळी शटर वर करताना त्यानं आधी माझं तोंड बघितलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब होता. रोपं म्हणजे तिथे बसायचं निमित्त.

पण रोपं खपू लागली. डबे वाढले, डब्यांना जागा हवी म्हणून मावशींनी कचरा हाताने उपसला, आणि एकटी बाई उपसतेय म्हटल्यावर सायकलवाला लाजून फावडं घेऊन आला. मग न्हावी आला. दोन वर्षांनी तिथे गुडघाभर हिरवळ आणि चार बाकं होती. बाकांवर माणसं बसू लागली, बसलेल्यांना चहा हवा म्हणून समोरचं शटर उघडलं, चहाला पाव हवा म्हणून बेकरीवाली आली. बंद पडलेल्या गल्लीत सहा वर्षांत तेरा दुकानं उभी राहिली. आणि सगळ्यांत जास्त धंदा कोणाचा वाढला? गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चष्मेवाल्याचा! मावशींनी घाम गाळायचा आणि भावजींची पेटी भरायची. मावशी दात-ओठ खात राहिल्या.

त्यात भर म्हणून तो गल्लीच्या दुकानदार मंडळाचा अध्यक्ष झाला. आयत्या बिळावर नागोबा! पाहुणे आले की बाग तोच दाखवी. "आमच्या वहिनींनी पण खूप हातभार लावला हो," असं वर म्हणे. त्या 'पण'ने मावशींचं अंग पेटे.

संधी आली ती केबल टाकणाऱ्यांच्या रूपानं. त्यांनी एका दुपारी कोणाला न विचारता बागेच्या कडेची सात झाडं सपाट केली. गल्ली खवळली. बेकरीवाली तर ढसाढसा रडली. त्याच संध्याकाळी सभा भरली आणि अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटून ठराव मांडला: या गल्लीत जमिनीत लावलेल्या झाडाची एक काडीही कापायची असेल, तर सगळ्या दुकानदारांची संमती हवी. एकाची जरी हरकत असली, तरी कात्री खाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

छाटणीशिवाय बाग चालत नाही, हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. बाकीचे सगळे कचऱ्यातून वर आलेले, त्यांना हिरवं दिसलं की ते देवासारखं वाटे. मावशींनी तोंड उघडलं असतं तर ठराव दोन मिनिटांत दुरुस्त झाला असता. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरानं दीर आपल्या पायांनी चालत आला.

"वहिनी, माझ्या दाराशी काहीतरी भारी लावा. अध्यक्षांचं दुकान म्हटल्यावर शोभलं पाहिजे."

"गुलाब लावू, भावजी? मोठ्या फुलांचा, लालभडक?"

"वा! खर्चाचं बघू नका."

"तुमच्याकडून काय घ्यायचं? घरचंच आहे."

आता हा मोठ्या फुलांचा गुलाब आपल्या पायावर उभा नसतो. खाली रानगुलाबाचा खुंट असतो, त्यावर चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा बसवतात. खुंट हा मूळचा दांडगट. त्याला खालून सारखे फुटवे येत राहतात, आणि माळी ते नखानं खुडत राहतो, कारण खुडले नाहीत तर रानगुलाब वरच्या पाहुण्याला उपाशी मारतो आणि आपण पसरतो. मावशींनी आपल्याकडचा सगळ्यांत दांडगट खुंट निवडला. दाराच्या दोन्ही अंगांना दोन रोपं लावली, शेणखत घातलं, मनापासून पाणी दिलं. बाकी काहीच केलं नाही.

पहिल्या वर्षी टपोरी लाल फुलं आली. दिरानं फोटो काढून घेतले. दुसऱ्या वर्षी खालून हिरवेगार फुटवे निघाले, तेव्हा तो खुशीत म्हणाला, "झाड चांगलं धरलंय." तिसऱ्या वर्षी लाल गुलाब मेला आणि फुटवे शटरच्या पट्टीवर चढले. चौथ्या वर्षी त्यांनी पाटी गिळली, काच गिळली, आणि दारातून आत जाणाऱ्या गिऱ्हाइकाची ओढणी, बाही, पिशवी, जे हाती लागेल ते धरून ठेवू लागले. वर्षातून एकदा त्यावर बारीक पांढरी फुलं येत, इतकी की भिंत दिसू नये. लांबून माणसं ती बघायला येत, उभी राहत, फोटो काढत आणि समोर चहा प्यायला जात. आत चष्म्याचं दुकान आहे हे कोणाच्या गावीही नसे.

सभेत दिरानं अर्ज ठेवला. थोडं छाटू द्या, फार नाही, पाटीपुरतं. गल्लीला ते फारसं पटलं नव्हतं, पण अध्यक्ष म्हणतात तर छाटू द्या, असं सगळे म्हणाले. मग मावशींचा हात वर गेला.

"माझी हरकत आहे."

"वहिनी, अहो, धंदा बसलाय माझा!"

"भावजी, ठराव तुमचाच. मी अडाणी बाई, मला कायद्यातलं काय कळतंय?"

खोलीत खसखस पिकली. मावशी घरी आल्या, दोन वाट्या जास्त भात जेवल्या, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपल्या.

दुसऱ्या वर्षीही त्यांचा हात वर गेला. तिसऱ्या वर्षी दीर घरी आला, उंबऱ्याशीच थांबला आणि म्हणाला, "वहिनी, चुकलो असेन मी कुठे तर सांगा." चुकलो असेन! कुठे! मावशींनी त्याला पाणी दिलं. सभेत हात वर केला. त्या वर्षअखेरीस त्यानं अध्यक्षपद सोडलं, गाळा विकायला काढला, आणि भिंतच दिसत नसलेला गाळा घ्यायला दुसरं कोणी पुढे येईना, तेव्हा मावशींनी घेतला. तोही पडत्या भावात. दिरानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या मैदानाच्या कडेला, टपरीवजा छोटं दुकान टाकलं.

किल्ली हातात आली त्या दिवशी मावशी मुलीला म्हणाल्या, "घे. तुझ्या बापाची जागा. आजपासून तुझं शिलाईचं दुकान."

मुलगी हाताची सफाईदार होती. कुठे फाटलं होतं हे ज्याचं त्यालाही सापडू नये, असं रफू करायची. आजवर ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात मशीन चालवत आली होती आणि या गाळ्याची वाट बघत होती. तिनं मशीन मांडलं, स्टूल ओढलं, सुईत दोरा ओवायला गेली, आणि बराच वेळ ओवतच राहिली.

"आई, इथं काळा दोरा कुठला आणि निळा कुठला तेच कळत नाही."

"दिवा लाव."

"दिव्याखाली रंग फसवतो गं. बाहेर जाऊन बघावं लागतं." ती बाहेर गेली, येताना तिची बाही काट्यात अडकली आणि टर्रकन फाटली. आठवडाभर तिनं दिवसभर दिवे लावून शिवलं. एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला निळ्या दोऱ्यानं टीप मारली आणि तो कोट परत आला. दुसऱ्या आठवड्यात कोणी आलंच नाही. त्या काट्यांच्या आत शिलाईचं दुकान आहे हे कळणार तरी कसं?

मावशींनी सभा बोलावली. रानगुलाब मुळापासून छाटायचा, एवढाच विषय. बेकरीवाली फुलांसाठी हळहळली, पण म्हणाली, "मावशी, झाड तुमचं, गल्ली तुमची, आम्ही कोण नाही म्हणणार?" सायकलवाला हो म्हणाला, न्हावी हो म्हणाला, चहावाला मान डोलावून मोकळा झाला. मावशी उठायला लागल्या.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला होता. टपरी छोटी असली तरी दुकान ते दुकान, आणि मत ते मत.

"माझी हरकत आहे, वहिनी," दीर म्हणाला. आवाज चढवला नाही की हसला नाही. उलट जरा दमल्यासारखा दिसत होता.

मावशी अर्धवट उठलेल्या तशाच परत खाली बसल्या. ठराव त्याचा खरा, पण तीन वर्षं तो राबवला होता त्यांनीच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता कोणत्या तोंडानं म्हणायच्या, की जाऊ द्या, घरची माणसं आहोत?

खाली बघत बसलेली मुलगी उठली. "काका, आता पुरे ना."

काकानं हात खाली घेतला नाही. "तू माझ्याकडे ये, बाळ. निम्मी टपरी मोकळीच आहे. दिवसभर ऊन असतं. तुझा बाप नेहमी म्हणायचा, बारीक कामाला उजेड लागतो."

"त्यांचं नाव घेऊ नका!" मावशी ओरडल्या. एवढ्या वर्षांत गल्लीनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. बेकरीवालीच्या हातातला कप हिंदकळला.

घरी आल्यावर मावशी पुष्कळ बोलल्या. डबा, अर्ज, खिडकी, सगळं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"हे मला ठाऊक आहे, आई. बाबांनीच सांगितलं होतं. आणि गुलाबाचंही ठाऊक आहे. मी रोज तुझ्या शेजारी बसून फुटवे खुडत होते, मला कळत नव्हतं का तू कुठले सोडतेस ते?" मग ती म्हणाली, "तू त्या माणसाचं दुकान अंधारात घातलंस, मी काही बोलले नाही. पण मला शिवायचंय गं. मला उजेड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन हलवायचं होतं. मशीन जुनं, बिडाचं, एकटीला उचलणं शक्य नाही. मुलीनं एक बाजू धरली आणि आईकडे बघत उभी राहिली. मावशींनी दुसरी बाजू धरली.

गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मावशींनीच लावलेली. सावलीतून चालताना वाटेत जो तो म्हणाला, "वा मावशी, काय गारवा आहे आज!" दोनदा मशीन खाली टेकवून दम घेतला. शेवटच्या झाडापुढे लख्ख ऊन लागलं आणि टपरी दिसली. दीर लगबगीनं पुढे आला, "सांभाळून वहिनी, पायरी आहे." त्यानं अर्धी जागा झाडून ठेवली होती. मुलीनं स्टूल ओढलं, सुई वर धरली, आणि एका झटक्यात दोरा ओवला.

मावशी कंबरेवर हात ठेवून बाहेर उभ्या राहिल्या. टपरीच्या भिंतीला लागून वीतभर मोकळी जमीन होती. माती भुसभुशीत, ऊन भरपूर, भिंतही खरखरीत. त्यांनी सवयीनं चपलेच्या टोकानं ती जरा उकरून पाहिली.

"आई," मशीनवरून मान वर न करता मुलगी म्हणाली, "इथं काही लावायचं नाही."