सात नंबर खाटेचं पॅड

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता ना, त्याच जातीचं मी एक जुनं पॅड आहे. माझ्या भाऊबंदांच्या नशिबी शाळा आली आणि माझ्या नशिबी जळगावातल्या एका रुग्णालयातली सात नंबरची खाट. तिच्या पायथ्याशी मला सुतळीने टांगलंय. पेशंटचा ताप, औषधं, तक्रारी लिहिलेला कागद माझ्या चिमट्यात असतो.

सुरुवातीला माझा थाट विचारू नका. मोठे डॉक्टर आले की आधी मला हातात घेत, पेशंटकडे नंतर बघत. मी फुगून जात असे. माणूस खोटं बोलेल, माझा कागद नाही बोलणार, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात धरणगावकडच्या खेड्यातले धनसिंग आबा माझ्या खाटेवर आले. कपाशीच्या वावरात घसरून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं होतं. खाट मिळत नव्हती. व्यापारी रुपचंद शेठनी चिठ्ठी दिली म्हणून मिळाली. मुलगा भूषण याने बापाला बजावून ठेवलं, की आपण शेठच्या शब्दावर आलोय, इथे कुरकुर करायची नाही. आबा भिडस्त माणूस. त्यांनी ते वेदवाक्य मानलं.

पायाला प्लास्टर घातलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते आवळायला लागलं. पण डॉक्टरांनी विचारलं की आबा हसून म्हणत, "बठ्ठं बेस शे." सगळं ठीक आहे म्हटल्यावर लगेच माझ्या कागदावर उतरायचं, तक्रार नाही.

हे खोटं फक्त त्यांच्या सुनेला, कोकिळाला, कळलं. आबांची बोटं सुजून निळी पडली होती. तिने पिनेचं टोक लावून पाहिलं, तर आबांना पत्ताच नाही. ती सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली, पेशंटला त्रास नाही, तुम्हालाच का? भूषणने तिला व्हरांड्यात नेऊन झापलं. शेठच्या नावाला बट्टा लागेल म्हणून आबांनीसुद्धा दटावलं, "चूप राय, कोकिळा. शेठनं नाव खराब व्हई."

बाई हटली नाही. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा पुढे येऊन म्हणाली, "साहेब, आबा भिडेपोटी खोटं बोलतात. एकदा पांघरूण उचलून बघा."

डॉक्टरांनी मला उचललं, वाचलं, पेशंट स्वतः सांगतोय ना म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मग तिने माझ्याच कागदावर लिहिलं : बोटं निळी आहेत, टोचलेलं कळत नाही. खाली सही केली. अर्ध्या तासात सिस्टरने तो कागद ओढून फाडला, नातेवाइकांनी लिहायचं नसतं असं सुनावलं आणि नवा कागद लावला. चिमटा माझाच होता, मित्रांनो. तिचा कागद मी सोडला आणि नवा घट्ट धरला. याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी पांघरुणातून वास यायला लागला, तेव्हा कुठे धावपळ झाली. प्लास्टर कापलं. आत पाय काळा पडला होता. हे आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टर भूषणवर खेकसले.

"सांगितलं होतं, साहेब," कोकिळा म्हणाली. "लिहिलंही होतं."

सगळ्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. माझ्यावर तसलं काहीच नव्हतं.

आबांचा पाय गुडघ्यापासून कापला. दोन दिवसांनी रुपचंद शेठ मोसंबी घेऊन भेटायला आले. भूषण त्यांच्या पाया पडला. तुमच्या चिठ्ठीमुळे आबा वाचले, म्हणाला. आबांनी पडल्या पडल्या हात जोडले. शेठसाठी चहा आणायला कोकिळालाच पाठवलं.

मित्रांनो, तुमचे आजी-आजोबा दवाखान्यात असले तर माझ्यावर विसंबू नका. त्यांचे हातपाय स्वतः बघा. घरातलं कुणी त्यांच्यासाठी भांडत असेल, तर त्याच्या बाजूने उभे राहा. आज सात नंबरवर एक आजी आहेत. सोबत कुणी नाही. सकाळपासून पोट धरून कण्हताहेत आणि माझ्यावर लिहिलंय, आराम पडला. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.